आष्टीचा पाईक: सरसुभेदार बापू गोखले

पूर्वरंगात आपण पाईक हा विषय घेतला होता. पाईक म्हणजे धन्याचा शिपाई. तुकोबारायांनी पाइकावर अभंग केले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता उत्तररंगाला जे आख्यान घेतो आहे ते पुराणातलं नाही. ते आपल्या पंढरीच्या वाटेवरचं आहे, आणि जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचं आहे.

वाचक माउली, तुमच्यापैकी बरेच जण कुर्डुवाडीहून आगगाडीनं पंढरीला येता. मोडनिंब गेलं की आष्टी नावाचं लहानसं स्टेशन लागतं. तोवर डब्यात पिशव्या खाली काढायची गडबड सुरू झालेली असते, म्हाताऱ्या माणसांना उठवायचं असतं, कुणाची तुळशीमाळ सापडत नसते. आष्टीकडे बघायला सवड कुणाला? पण 20 फेब्रुवारी 1818 रोजी ह्या आष्टीच्या माळावर पेशव्यांचा एक सरसुभेदार, थोड्या स्वारांनिशी इंग्रजांच्या घोडदळावर चालून गेला आणि तिथंच पडला. नरहर गणेश गोखले. लोक बापू गोखले म्हणत. वय चाळिशीच्या आसपास. त्याचा धनी त्या वेळी घोड्यावर बसून पळत होता.

एवढंच सांगितलं तर गोष्ट सोपी होते. शूर माणूस, पळपुटा धनी, टाळ्या. पण ते काही पूर्ण खरं नाही. पाईक शोधायचा तर त्याचं सगळं आयुष्य बघावं लागतं, नुसती शेवटची घटका बघून भागत नाही.

आधी सरसुभेदार म्हणजे काय ते बघू. सुभा म्हणजे प्रांत. गावात पाटील-कुलकर्णी, त्यांच्यावर मामलेदार, आणि अनेक मामलेदारांवर सरसुभेदार. कर्नाटकाचा सरसुभा मोठ्या जबाबदारीचा. हाताखालचे मामलेदार आपण नेमायचे, वसूल आपण गोळा करायचा, त्यातून शिबंदीचे पगार भागवायचे, किल्ल्यांना दाणागोटा पोचवायचा, भांडणं तोडायची, आणि उरलेला पैसा पुण्याला भरायचा. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात वसुलाची वही. ह्या दोन्ही हातांची गोष्ट सांगायची आहे, म्हणून वही लक्षात ठेवा.

हे काम बापूंच्या घरात चुलत्यापासून आलं. चुलते धोंडोपंत गोखले. कोकणातलं घराणं, पण कर्तबगारी सगळी तुंगभद्रेच्या अंगाला. 1799 साली टिपू पडला, श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातून धोंड्या वाघ नावाचा बंडखोर सुटला आणि त्यानं तो सगळा मुलूख पेटवला. धोंडोपंतांनी एकदा त्याच्या तळावर छापा घालून त्याची दाणादाण केली होती. धोंड्यानं तो राग धरला. सांगतात की गोखल्याच्या रक्तानं मिशा रंगवीन अशी त्यानं शपथ वाहिली होती. 30 जून 1800 ला कित्तूरच्या बाजूला त्यानं धोंडोपंतांना गाठलं आणि मारलं. घरचा आणखी एक तरुण त्याच दिवशी गेला. सुभ्याचं ओझं तेविशीतल्या बापूंच्या अंगावर आलं.

चुलत्याचा सूड घ्यायचा तर फौज हवी. ती कुणाकडे होती? इंग्रजांकडे. आर्थर वेलस्ली धोंड्याच्या मागावर निघालाच होता. बापू त्याच्याबरोबर गेले. 10 सप्टेंबर 1800 ला कोनगळ इथं धोंड्या मारला गेला. चुलत्याचं ऋण फिटलं, पण माउली, ऋण फेडायला जो सावकार गाठला त्याचं व्याज पुढं सगळ्या महाराष्ट्राला भरावं लागलं.

31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावानं वसईला तह केला आणि इंग्रजांच्या फौजेच्या आधारानं पुण्याच्या गादीवर परत बसला. पुढच्या वर्षी वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर चालून गेला, असई झाली, अडगाव झालं. त्या मोहिमेत पेशव्याच्या बाजूची जी मराठी घोडेस्वारी वेलस्लीबरोबर होती, तिच्यात बापू गोखले होते. हे लपवून काय करायचं? शिंद्यांच्या पलटणी फुटत होत्या तेव्हा बापू समोरच्या बाजूला होते. धन्याचा हुकूम होता, आणि धनी त्या वेळी इंग्रजाचा मित्र होता. पाइकानं धन्याचा मित्र तो आपला मित्र मानला.

त्याच मोहिमेत वेलस्लीच्या तंबूत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा चोवीस वर्षांचा एक इंग्रज होता. बापूंहून दोनच वर्षांनी लहान. घोड्यावर पक्का, पुस्तकं वाचणारा, माणसं हेरणारा. हे नाव विसरू नका. चौदा वर्षांनी हे दोघं समोरासमोर येणार आहेत.

आता वहीचा हात. हा भाग सांगायला कुणाला आवडत नाही. बापूंचा पोवाडा गाणारा इथं जरा घाईनं पुढं जातो. आपण थांबू.

साताऱ्याच्या बाजूला पंत प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास यांचा मुलूख होता. घरातच बेबनाव. प्रतिनिधींना त्यांच्या आईनं आणि कारभाऱ्यांनी मसूरला कैदेत ठेवलं होतं. त्यांना सोडवलं कुणी? ताई तेलिणीनं. तेल्याच्या घरची बाई, प्रतिनिधींच्या जवळची. तिनं माणसं जमवली, वासोट्याचा किल्ला धरला आणि प्रतिनिधींना मोकळं केलं. सुटल्यावर प्रतिनिधी म्हणाले, मी पेशव्याचा चाकर नाही, मी साताऱ्याच्या छत्रपतींचा चाकर. बाजीरावाला हे कसं सोसावं? त्यानं बापू गोखल्यांना पाठवलं. वसंतगडाजवळ लढाई झाली, प्रतिनिधी जबर जखमी होऊन हाती लागले, त्यांचा हात गेला. पण ताई तेलीण वासोट्यावर बसून राहिली. आठ महिने! कोयनेच्या त्या रानात, पावसापाण्यात, पेशव्याच्या नावाजलेल्या सरदाराला तिनं आठ महिने खाली झुलवत ठेवलं. शेवटी गडावरचं धान्याचं कोठार जळालं, तेव्हा ती खाली आली. साताऱ्याकडं तिच्यावरची ओळ अजून लोकांच्या तोंडी आहे.

ह्या कामगिरीबद्दल बापूंना काय मिळालं? जिंकलेला मुलूख त्यांच्याचकडे राहिला, आणि त्यातून त्यांनी भारी वसूल काढला. प्रतिनिधी आणि कारभारी भांडले, पेशवा आणि प्रतिनिधी भांडले, आणि खंडणी कुणी भरली? कुणब्यानं. ज्याला ह्या भांडणात कुणी विचारलंच नव्हतं त्यानं. तो काळच तसा होता, असं म्हणून सोडून देता येतं. बाजीरावानं मामलती मक्त्यानं द्यायला सुरुवात केली होती. जो जास्त बोली बोलेल त्याला मामलत. तो पोटमक्ता दुसऱ्याला देणार, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी रयतेच्या चुलीपर्यंत हात. पूर्वी मामलेदारानं जाच केला तर पुण्याला जाऊन फिर्याद करता येत असे. आता फिर्याद ऐकणाराच बोलीतला वाटेकरी. बापूंनी ही चाल काढली नाही. पण ते ह्या चालीवर मोठे झाले. शूर माणूस रयतेला हलका असतोच असं नाही, माउली. तलवारीचा हात निर्मळ आणि वहीचा हात मळलेला, असं एकाच अंगाला असू शकतं.

पुढं गोष्ट आपल्या पंढरीत येते. दोनदा येते.

1812 च्या आषाढात बाजीराव पंढरपुरात होता आणि एल्फिन्स्टनही आला होता. आता तो पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा पेशव्याच्या दरबारातला वकील. वाद होता पेशवा आणि पटवर्धनांसारख्या दक्षिणेतल्या जहागीरदारांचा. निवाडा इंग्रजानं केला. जहागीरदारांनी ठरलेली चाकरी करावी, सनदेशिवाय दाबलेला मुलूख सोडावा, आणि बाकीच्या मुलखाची हमी इंग्रज देणार. पंढरपूरचा करार म्हणतात तो हाच. पेशव्याला वाटलं आपले जहागीरदार नमले. खरं तर त्या दिवसापासून जहागीरदारांनी बघायचं कुणाकडे, तर पुण्याकडे नाही, रेसिडेंटाकडे. चंद्रभागेच्या तीरावर वारकरी माळ जपत होते आणि दोन तंबू पलीकडे राज्याची नाडी दुसऱ्याच्या हातात दिली जात होती.

दुसऱ्यांदा 1815. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन, इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतलेली. आषाढीच्या निमित्तानं बाजीराव पंढरीत, शास्त्रीही बरोबर. 20 जुलैच्या संध्याकाळी शास्त्र्यांचं अंग कसकसत होतं, ते देवळात जायला तयार नव्हते. त्रिंबकजी डेंगळ्यांचे निरोपांवर निरोप आले, या, दर्शनाला या. शास्त्री गेले, दर्शन झालं, आणि देवळातून बिऱ्हाडी परत येताना मारेकऱ्यांनी त्यांना रस्त्यात तोडलं. विठ्ठलाचं दर्शन घेऊन निघालेला माणूस! बाजीराव नेमानं पंढरीला यायचा, दक्षिणा वाटायचा, सोवळं कडक पाळायचा. मी त्याच्या भक्तीचा हिशेब मांडणार नाही, तो पांडुरंगाकडे. पण ज्याच्या पदरी पाईक म्हणून बापू होते, तो धनी कसल्या दरबारात बसत होता ते कळावं म्हणून हे सांगितलं.

त्रिंबकजीला इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, 1816 च्या सप्टेंबरात तो तिथून निसटला. मग एल्फिन्स्टननं पुणं आवळलं. मे 1817 मध्ये सिंहगड, पुरंदर, रायगड ओलीस मागितले आणि जूनच्या तहानं मुलूख तोडून घेतला. आता बाजीरावाला बापू गोखले आठवले. सेनापतिपद दिलं, फौज जमवायला अफाट पैसा दिला, कोट रुपयांच्या घरातला आकडा सांगतात.

आणि त्याबरोबर आणखी एक काम सांगितलं. एल्फिन्स्टनला भेटीला बोलवावं, किंवा तो रोज घोड्यावरून फेरफटक्याला जातो तिथं गाठावं, आणि संपवावं.

बापूंनी नाही म्हटलं.

इथं क्षणभर थांबा. तेरा-चौदा वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर एका तळावर राहिले, तोच हा माणूस. आता तो आपल्या राज्याचा काळ झाला आहे, हे बापूंना स्पष्ट दिसत होतं. मारला असता तर युद्ध टळलं नसतं, पण पहिला घाव आपला पडला असता. धन्याची तर इच्छाच होती. तरी हे हलकं काम आपल्या हातून होणार नाही, असं त्यांनी ठरवलं. पंढरीच्या रस्त्यावर शास्त्र्यांचं रक्त सांडून दोन वर्षं झाली होती. त्या दरबारात असलं काम करणारे हात मिळत होते. हा हात मिळाला नाही. प्रतिनिधींच्या मुलखात जो हात इतका सैल सुटला होता, तो इथं आवरला गेला. आजवर धन्याचा शब्द खाली पडू न देणाऱ्या पाइकानं हा एक शब्द खाली पडू दिला.

मग उघड लढाई. 5 नोव्हेंबर 1817, खडकी. बाजीराव पर्वतीवर बसून बघत होता. फौज शहराबाहेर पडताना जरीपटक्याची काठी मोडली, लोकांच्या छातीत धस्स झालं. बापू घोड्यावरून रांगांपुढून फिरत होते, कुणाला धीर देत होते, कुणाला टोमणे मारत होते. पेशव्यांचे स्वार अठरा हजारांच्या घरात, पायदळ आणखी. इंग्रज अठ्ठावीसशेच्या आसपास. संगमावरची रेसिडेन्सी जाळली, एल्फिन्स्टनचे कागद, पुस्तकं सगळी गेली. बापूंनी सहा हजार स्वारांचा एक लोंढा इंग्रजांच्या डाव्या अंगावर सोडला. पण मध्ये चिखलाचा ओढा! दौडत आलेली घोडी त्यात रुतली, अडखळली, मागचे पुढच्यांवर आदळले, आणि समोरून बंदुकांची फैर. बापूंचा घोडा जखमी झाला. जरीपटका होता मोरो दीक्षित मराठ्यांकडे, ते पडले.

मोरो दीक्षितांची एक गोष्ट सांगतो. आख्यान जरा बाजूला जाईल, जाऊ दे. दापोडीच्या पलटणीचा इंग्रज कप्तान फोर्ड हा त्यांचा स्नेही. लढाई होणार हे दिसल्यावर दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, की जो जगेल त्यानं दुसऱ्याच्या बायकामुलांकडे बघायचं. दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीसमोर. लढाई म्हणजे ढोल-ताशे नव्हेत, माउली.

बारा दिवसांनी, 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. चढवणारे बाळाजीपंत नातू. पेशवा पळत सुटला तो तीन महिने पळतच होता. साताऱ्याहून छत्रपती प्रतापसिंह महाराज, त्यांची आई आणि भाऊ ह्यांना बाजीरावानं बरोबर घेतलं होतं. मानानं नव्हे, इंग्रजांच्या हाती लागू नयेत म्हणून. बापू त्या सगळ्या फरपटीत सैन्याचा मागचा भाग सांभाळत. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावी भीमेच्या काठी दिवसभर झुंज झाली. समोर कंपनीच्या पलटणीत आपल्याच मातीतले महार शिपाई जिवावर उदार होऊन लढत होते. पेशवाईनं त्यांना गावाबाहेर ठेवलं होतं, त्यांनी कुणासाठी आणि का लढावं हे विचारायचा अधिकार पेशवाईनंच गमावला होता. संध्याकाळ झाली, पेशव्याची फौज दक्षिणेकडे निघाली.

फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला गेला. आणि बाजीराव पुन्हा आला कुठं? पंढरीच्या परिसरात. आष्टीला तळ पडला. 20 तारखेच्या सकाळी जनरल स्मिथ घोडदळ घेऊन इतका जवळ आला की नगाऱ्याचा आवाज ऐकू येईपर्यंत छावणीला पत्ता नव्हता. बाजीराव जेवणावरून उठला. सांगतात की त्यानं बापूंना कुजका निरोप पाठवला, असा गाफीलपणा केलात आणि मला इथवर आणून ठेवलंत. बापूंनी उलट निरोप पाठवला, आपण निघावं, आपली पाठ राखली जाईल.

बाजीरावानं पालखी टाकली, घोडा मागवला आणि गेला. बापूंजवळ पाचशेच्या आसपास स्वार होते. बाजूचे म्हणाले, मागं सरू, फौज मोठी आहे, पुढं बघू. ते सरले नाहीत. इंग्रजांचं घोडदळ फळी धरत होतं, त्याच्या अंगावर तिरकी चाल करून त्यांनी ती फळी विसकटली. स्मिथच्या डोक्याला जखम झाली. मग गोऱ्या ड्रॅगून स्वारांनी बाजूनं घाव घातला. गोळ्या आणि तलवारी दोन्हींच्या जखमा होऊन बापू गोखले खाली आले.

पाठ राखली गेली. धनी निसटला.

आता पुढचं ऐका, कारण आख्यान सांगणारे बहुधा इथंच अभंग धरतात. त्याच दिवशी, त्याच माळावर, छत्रपती प्रतापसिंह महाराज, मातोश्री आणि भाऊ इंग्रजांच्या गोटात आले. पंचविशीतले महाराज. पेशव्याच्या नजरकैदेत लहानाचे मोठे झालेले. त्यांना ती पकड सुटल्याचं दुःख नव्हतं, उलट हायसं वाटलं. ज्या छत्रपतींच्या नावानं पेशवाई चालत होती, त्यांना बापूंच्या मरणानं मोकळीक मिळाली! ताई तेलिणीच्या वेळी प्रतिनिधी म्हणाले होते, मी छत्रपतींचा चाकर. बापू त्या शब्दावरच चालून गेले होते. आष्टीला तोच प्रश्न परत उभा राहिला, पण उत्तर द्यायला बापू उरले नव्हते. पाइकाचा धनी कोण, जवळचा की वरचा? पूर्वरंगात हा प्रश्न आपण देवाच्या बाबतीत विचारला होता, तिथं तो सोपा वाटला.

बाजीराव 3 जून 1818 रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाख रुपये घेऊन गंगेकाठी बिठूरला गेला आणि तिथं 1851 पर्यंत जगला. त्रिंबकजी पकडला गेला, चुनारच्या किल्ल्यात कैदेत गेला. एल्फिन्स्टन 1819 साली मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच वर्षी त्यानं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. त्यात मामलेदार कसे नेमत, मक्ता कसा चाले, कर्नाटकाच्या सरसुभेदाराचे अधिकार किती, हे सगळं त्यानं बारकाईनं नोंदवलं आहे.